छटाकची सही आणि माझी वही

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे छटाक म्हणतात. अंगाने छटाकभर, आणि काम शाई तोलायचं. खोकी आणि लेबलं छापणाऱ्या छापखान्यात ती सोळा वर्षं रंग जुळवते. गिऱ्हाइकाचा नमुना आला की शाया पट्टीने घोटायच्या, बोटाने कागदावर ओढायच्या आणि खिडकीच्या उजेडात धरायच्या. मग म्हणायचं, "अजून चिमूटभर काळा हवा." तिची नखं कधी निळी, कधी किरमिजी. हात जोडून देवापुढे उभी राहिली की मी म्हणते, "आज काय छापलंस ते देवाला सांगायलाच नको."

रंगखात्याच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, ती गॉगलला मिळाली. गॉगल म्हणजे तिच्याच हाताखाली चार वर्षं शिकलेला गडी, डोक्यावर कायम काळा चष्मा. छटाकने मॅनेजरला जाब विचारला. तो म्हणाला, "बाईमाणसाला खातं दिलं तर पुरुष ऐकतील का? शिवाय घरी कुणी शिंकलं की तुम्ही निघालात." हिचं लग्नही झालेलं नाही. सोळा वर्षांत लांब रजा एकदाच घेतली, वडील गेले तेव्हा.

तिने कामगार कार्यालयात भेदभावाची तक्रार केली. जाब विचारला त्या दिवसापासून ती कामावरून आली की ओट्याशी उभी राहून आज कोण काय बोललं ते सांगे. भाजी शिजेपर्यंत मी ते माझ्या रोजच्या वहीत लिहून घेई. तारीख, वार, शब्द जसेच्या तसे.

सुनावणीला आठवडा उरला असताना मॅनेजरने तिला बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली, चहा कपबशीतून आला, तोंडात 'मॅडम'. समझोत्याचा कागद पुढे सरकवला. थोडे पैसे घ्या, तक्रार मागे घ्या, आणि या विषयावर पुन्हा कुणापाशी अवाक्षर नाही.

"वहिनी, काय करू?"

मी काय सांगितलं तेही वहीत आहे, खोडणार नाही. म्हणाले, "मिटव गं. माफ कर. देव बघून घेईल."

तिने सही केली. पंधरा दिवसांत तिचं टेबल खिडकीपासून उचलून कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली टाकलं. त्या उजेडात रंग खोटा दिसतो, हे गॉगललाही तिनेच शिकवलेलं. आता खिडकी त्याची आणि चुकलेले रंग हिच्या नावावर. बोलायला गेली तर मॅनेजर हसून म्हणाला, "मॅडम, सही आठवते ना?"

त्या दिवशी ती जेवली नाही. "एका कपबशीवर विरघळले, वहिनी. जीभ विकून आले."

मी देवाचं नाव काढताच फिसकारली, "त्यालाही ट्यूबलाइटखालीच बसवलंय वाटतं!"

मी तिचं ताट झाकून ठेवलं. सल्ला माझाच होता.

गेल्या महिन्यात खोकी चिकटवणाऱ्या खात्यातली बाई घरी आली. तिलाही असंच डावललेलं, तिनेही तक्रार केलेली. छटाकची साक्ष हवी होती. छटाकने कपाटातून समझोत्याची प्रत काढून दाखवली. "मी तोंड उघडलं तर माझ्यावरच उलटेल."

बाई उठली. "म्हणजे तो काय बोलला होता ते आता कुणीच सांगणार नाही."

मी गॅस बंद केला. "मी कुठे सही केलीय?"

वही काढून पान उघडलं. सगळं समझोत्याच्या आधीचं.

छटाक बघतच राहिली. "तू कार्यालयात बोलणार? बँकेतसुद्धा दादाला पुढे करतेस!"

"त्यालाही नेऊ. वही धरायला."

आज कामगार कार्यालयात जाऊन आले. मॅनेजर समोरच होता. मी वाचलं, सावकाश, त्याच्याच सुरात. बाईमाणसाला खातं दिलं तर. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. अधिकारीण म्हणाल्या, "पुन्हा वाचा." मी आनंदाने वाचलं. छटाकची मागे घेतलेली तक्रार मात्र यामुळे जिवंत होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

रोजच्या प्रार्थनेत सगळ्यांना क्षमा करण्याची एक ओळ असते. आज ती गाळली. देवाला समजलं असेलच.

मी परतले तेव्हा छटाक दारातच उभी होती. "तोंडाचा रंग कसा झाला होता त्याच्या?"

"आधी तांबडा. मग राखाडी."

तिने डोळे मिटून तो रंग नीट बघितला.

"अजून चिमूटभर काळा हवा," म्हणाली.

पुढची तारीख सोमवारची आहे. मी वहीतली आणखी सात पानं दुमडून ठेवली आहेत.