कूलरमागचं वायफाय

भिवापूरला नातीच्या मुलीचं बारसं होतं आणि सासूबाईंना ते टॅबवर पाहायचं होतं. नेमकं तेव्हाच वायफाय रुसलं. वायफाय अडलं की काय काय करायचं, याची माझी यादी मी काढली. टॅब बंद करून सुरू केला, राउटर बंद ठेवून तीसपर्यंत आकडे मोजले, जुनं नेटवर्क काढून पासवर्ड पुन्हा टाकला. सगळ्या खुणा झाल्या, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. मग यादीत नसलेली गोष्ट दिसली. सासऱ्यांनी सकाळीच पाण्यानं भरलेला लोखंडी कूलर थेट राउटरपुढे, सिग्नलच्या वाटेतच आणून लावला होता.

“बाबा, कूलर थोडा सरकवू?”

“मे महिन्यात? हात तर लावून दाखव वं!”

सासूबाईंचा चेहरा पडला. मी गुपचूप कूलरचं बटण बंद केलं आणि म्हणाले, “लाइन गेली वाटतं.”

लाइन म्हणजे वीज गेली की शेजाऱ्यांचीही गेली ना, हे पाहिल्याशिवाय सासऱ्यांना चैन पडत नाही. ते बाहेर गेले. आम्ही दोघींनी कूलर हातभर ढकलला आणि टॅबवर पाळणा दिसू लागला.

सासरे परतले. “सगळ्यांची लाइन आहे, आपलीच काहून गेली?”

सासूबाईंनी मान वर केली नाही. “हळू बोला. नाव ठेवून राहिले.”