फतकलमावशी आणि तुटका श्वास

पाळणाघरात त्यांना सगळे फतकलमावशी म्हणत. कारण एकच. मूल भडकलं की या बाई आधी जमिनीवर फतकल मारायच्या आणि मग काय ते बघायच्या. बाकीच्या दोघी ताई खुळखुळा आण, खिडकीतली मांजर दाखव, अशा धावाधाव करत असायच्या. मावशी मात्र भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, धान्याच्या पोत्यासारख्या ठाण मांडून बसायच्या.

यात अक्कलहुशारी वगैरे काही नव्हती हो. सगळी करामत गुडघ्यांची. पन्नाशीला दोघांनी एकदम संप पुकारला. खाली बसणं जमायचं, पण उठायला एक खुर्ची, एक माणूस आणि दोनदा ‘आई गं’ एवढा लवाजमा लागायचा. एकदा बसलं की लगेच उठायची सोय नाही, म्हणून रडणं संपेपर्यंत मुक्काम तिथेच. आणि बसल्या बसल्या करणार काय? बघत राहायच्या.

बघून बघून त्यांना बरंच कळायला लागलं. इंजिन या टोपणनावाचं साडेतीन वर्षांचं एक प्रकरण तिथे होतं. ठोकळ्यांचा मनोरा पडला की आधी त्याच्या पायांची बोटं मोज्यात आवळली जायची, मग कानाच्या पाळ्या लाल, मग मुठी आणि मग शिट्टी, म्हणजे कर्कश किंकाळी. शिट्टी झाल्यावर त्याला समजावायला जाणं म्हणजे भिंतीशी बोलणं. कान जागेवर असायचे, ऐकणारा नसायचा. मावशी अवाक्षर काढायच्या नाहीत. एक हात त्याच्या दिशेनं जमिनीवर टाकून ठेवायच्या आणि स्वतःचा श्वास मुद्दाम सावकाश, त्याला ऐकू जाईल असा घ्यायच्या. कधी पाच मिनिटं, कधी चांगली बारा. शेवटी पोराचा श्वास आत जाताना दोन-तीन तुकड्यांत जायचा, खांदे उतरायचे, अंग सैल पडायचं. तो तुटका श्वास आला की मावशींचा पहिला शब्द निघायचा. त्याच्या आधी नाही, मग जग बुडालं तरी चालेल.

तिथल्या एका मुलीची आई डॉक्टर होती. तिनं एकदा दारात उभं राहून हा सगळा प्रकार पाहिला.

“मावशी, मुलांच्या मेंदूत राग पेटायची सोय पहिल्यापासून असते,” ती म्हणाली. “आवरायची सोय मात्र हळूहळू, वर्षानुवर्षं तयार होत राहते. तोवर ती जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणावर भागवतात.”

“म्हणजे पोर नाटक करत नसतं?”

“इतक्या लहानपणी? बहुतेकदा नाही. त्याला खरंच जमत नसतं.”

मावशी हसल्या, ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला.

कारण मावशींना एक लेक होती. लहानपणी ती भडकली की मावशी तिला उचलून न्हाणीघरात ठेवायच्या, ‘नाटकं संपली की सांग’ म्हणून बाहेरून कडी घालायच्या आणि पुन्हा शिवणयंत्रावर जाऊन बसायच्या. तेव्हा गुडघे धडधाकट होते ना, तिथेच घात झाला. आता त्या लेकीला अडीच वर्षांची मुलगी होती. सोमवारपासून लेक पुन्हा कामावर जाणार होती. आजीचं पाळणाघर दोन गल्ल्या सोडून असताना ती पोरीला पार गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला निघाली होती. “तुझ्याकडे नको, आई,” एवढंच म्हणाली. कारण सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलंही नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

शनिवारी सकाळी मावशी लेकीकडे गेल्या, तर दारातच रणकंदन. नातीला बूट स्वतःच घालायचा होता आणि पट्टा काही केल्या लागत नव्हता. आईनं मदतीला हात लावला, तसा तो बूट उडाला आणि थेट आईच्या नाकावर आदळला. लेक अशी ओरडली की समोरच्यांनी दार उघडून पाहिलं. तिनं पोरीला काखोटीला मारलं, तरातरा न्हाणीघराशी गेली, कडीला हात घातला आणि थबकली. कडीकडे बघतच राहिली. मग पोरीला खाली ठेवून दाराला पाठ लावून मटकन बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

“मीपण तेच करायला निघाले होते,” ती म्हणाली. “अगदी तेच.”

अशा वेळी कुठलीही आजी आधी नातीला उचलेल. मावशींनी नातीकडे नुसता हात पसरला आणि फतकल मारली ती लेकीशेजारी. आसपास खुर्ची नव्हती, याचं त्यांना भानही नव्हतं. जिभेवर पंचवीस वर्षांचं बोलणं येऊन थांबलं होतं. ते सगळं गिळून त्या सावकाश श्वास घेत राहिल्या.

नात रडत रडत सरकत आली आणि आजीच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडली. तिचा तुटका श्वास आधी आला. लेकीचा यायला फार वेळ लागला. इतक्या वर्षांचं साठलेलं, लागणारच. शेवटी आला, चांगला तीन तुकड्यांत, आणि तिचे खांदे उतरले.

तेव्हा कुठे मावशी बोलल्या. “तू नाटकं करत नव्हतीस गं. मी दार लावायला नको होतं.”

लेकीनं ओढणीनं नाक पुसलं. ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“आता तू उठणार कशी?” तिनं विचारलं.

“तेच बघतेय.”

लेकीनं आईच्या काखेत हात घातले, नातीनं मोठ्या गांभीर्यानं मागून ढकललं, मावशींनी दोनदा ‘आई गं’ केलं आणि एकदाच्या त्या उभ्या राहिल्या. लेकीनं हात सोडला नाही.

“सोमवारी किती वाजता उघडतं गं तुमचं पाळणाघर?”

“आठला,” मावशी म्हणाल्या. “पण मी साडेसातलाच येऊन बसते.”