मामीचं ब्लँकेट आणि लटकतं कवच

उंद्रीच्या मामीसाठी अंडी उबवायचं यंत्र मी हौसेनं बनवलं. पत्र्याची पेटी, आत ऊब देणारे बल्ब आणि बाहेरच्या अंगाला तापमान सांभाळणारा माझा सर्किट बोर्ड, त्यावर आकडे दाखवणारा छोटा पडदा. मामीनं गावरान अंडी जमवून आत ठेवली. पिल्लं निघाली तर तिचा कोंबड्यांचा धंदा सुरू होणार होता. नाही निघाली तर भाच्याची अब्रू चिखलीपर्यंत जाणार होती.

आता माझी हुशारी ऐका. तापमान मोजणारी केबल ज्या कनेक्टरमध्ये बसते, त्याला धातूचं कवच असतं. बाहेरची ठिणगी बोर्डात शिरू नये म्हणून ते पेटीच्या पत्र्याला नीट जोडायचं असतं. मी जोडलं नाही. खेड्यातल्या अर्थिंगवर माझा काडीचा भरवसा नव्हता. पत्र्यात करंट उतरला आणि कवचातून बोर्डात घुसला तर? म्हणून कवच तसंच लटकत ठेवलं आणि आपण किती सावध, या खुशीत बुलढाण्याला परतलो.

थंडी पडली आणि मामीचे फोन सुरू झाले. "बाबू, तुही मशीन सकाळी मरते. बटन दाबलं का जित्ती होते."

"मामी, तू कायले हात लावतं तिले?"

"मी काऊन लावू? मले काय दुसरे कामं नाहीत?"

बोलणं जरा जास्तच ठसक्यात होतं. माझा संशय बळावला. उंद्रीला गेलो, पेटी उघडली, तर अंडीही कमी दिसली! म्हणजे बाई बटणं दाबते, वर अंडीही लंपास करते. रात्री तिथंच मुक्काम केला. सकाळी दाराआड, तुरीच्या पोत्यामागे दबा धरून बसलो.

मामी आली. पेटीवर जाडजूड मखमली ब्लँकेट पांघरलेलं होतं. अंड्यांना थंडी वाजू नये म्हणून रोज संध्याकाळी ती घालायची. तिनं ते सर्रकन ओढलं. चट्‌चट् आवाज झाला, कनेक्टरपाशी बारीकशी ठिणगी चमकली आणि पडदा विझला.

"पकडली!" मी पोत्यामागून उठलो.

मामी दचकली, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय पकडली बे? चोरावानी काऊन बसून राह्यला तिथं?"

पकडलं होतं ते माझंच लटकतं कवच. कोरड्या थंडीत घासून ब्लँकेटमध्ये साठलेल्या विजेची ठिणगी कवचावर पडायची आणि पत्र्यात निघून जायला वाट नाही म्हणून आतल्या तारांवर उडी मारायची. मी पेटीचा रंग खरवडला, कवच रुंद पट्टीनं पत्र्याला घट्ट आवळलं. मग धास्तावून अर्थिंग तपासलं. ठणठणीत! माझ्या डिझाइनपेक्षा बरंच.

मामीला ब्लँकेट पुन्हा पुन्हा ओढायला लावलं. पडदा विझला नाही.

"आता सांग," मी धीर करून विचारलं, "बाकीचे अंडे कुठं गेले?"

तिनं मला मागच्या खोलीत नेलं. टोपल्यांमध्ये दोन खुडूक कोंबड्या अंड्यांवर पिसं फुलवून बसल्या होत्या. एकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाऊलभर मागे सरकलो.

"तुही मशीन आली त्याच दिवशी बसवल्या," मामी म्हणाली. "तुह्यावर भरवसा हाये रे. पण अंडे माहे हायेत ना."

पिल्लं दोन्हीकडे निघाली. कोणाकडे जास्त, हे मामीनं मला आजवर सांगितलेलं नाही. आणि ती सांगत नाही, त्यावरून कोंबड्यांनीच मला हरवलं, असा मला दाट संशय आहे.