बाजार रचायला बसलेली माणसं

कार्यशाळेतले पेपर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. पालघरच्या आमच्या कॉलेजात 'बाजाराचे नियम कसे रचावेत' यावर अर्थशास्त्राची कार्यशाळा झाली. अजूनही स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी सुरू होतंच.

आमचे विभागप्रमुख सामंत सर त्या दिवसांत खुर्चीला टेकलेले मला आठवत नाहीत. मी सहआयोजक, म्हणून त्यांच्यामागे मीही फिरायची. "सर, बसा ना थोडं," म्हटलं तर म्हणाले, "बसलो की काहीतरी बिघडतं."

*

पाहुण्यांची सोय बोईसरच्या लॉजवर होती. सर म्हणाले, खोल्याही शास्त्रानेच वाटू. प्रत्येकाने आपल्या सवयी खऱ्याखऱ्या सांगायच्या. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी सांगून टाकलं, "मी घोरतो." त्यांच्यासोबत राहायला कुणी तयार होईना, म्हणून त्यांना एकट्याला खोली मिळाली. तीही एसी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे सरांना गाठून उभे. आता म्हणे सगळेच घोरत होते.

*

संध्याकाळी दातिवऱ्याला मासळीचा लिलाव बघायला गेलो. तांडेलकाकू भराभर बोली पुकारत होत्या. सर मला लिलावाचे प्रकार समजावताना जोरजोरात मान हलवत होते. काकूंनी बोंबलांची पाटी त्यांच्या पायाशी सरकवली.

"अहो, मी फक्त बघतोय."

"बघनारा मान हलवत नाय," काकू म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये पाटी मांडीवर घेऊन सर बसले. एकदाचे बसले.

*

'रांगेतला न्याय' या सत्रात वाद इतका लांबला की जेवण निवायला लागलं. सर दारात येरझाऱ्या घालत होते. शेवटी दार उघडलं आणि सगळे रांग मोडून ताटांकडे धावले. सर्वांत पुढे त्या सत्राचे वक्ते.

*

शेवटचं सत्र आमच्याच विभागात शिकवणाऱ्या सविताचं होतं, किडनीच्या अदलाबदलीवर. तिचा नवरा डायलिसिसवर होता आणि तिचा रक्तगट त्याला जुळत नव्हता. बोईसरच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरीही तीच अडचण. सविताची किडनी त्याला आणि त्याच्या बायकोची, रेखाची, सविताच्या नवऱ्याला, असं ठरलं होतं. ऑपरेशन जवळ आलं होतं. रेखा त्या दिवशी मुद्दाम ऐकायला आली होती, मागच्या बाकावर.

सविताने फळ्यावर दोन जोडपी काढली. म्हणाली, "दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे कुणाला मागे फिरता येत नाही."

रेखा उभी राहिली. हातातला रुमाल पिळत म्हणाली, "और उससे पहले, दीदी? रोज लगता है, आप मना कर देंगी."

 सविता खडू हातात घेऊनच तिच्याकडे वळली.

"मुझे भी रोज यही लगता है," ती म्हणाली. मग खडू ठेवून मागच्या बाकापर्यंत चालत गेली. "सामान लेकर आओ. ऑपरेशन तक दोनों मेरे घर रहो."

रेखाने जरा विचार केला.

"खाना मैं बनाऊँगी."