दार लावून केलेलं गणित

इंजिनिअरिंग झालं, वाशिंदच्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा वाटलं गणिताचा पिच्छा सुटला. मग मलाच फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सचं खूळ लागलं. प्रवेश मिळणार होता, पण आधी गणिताची ऑनलाइन परीक्षा पास व्हायची अट होती. मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन आणि संभाव्यता. पहिल्या दोघांशी माझी तोंडओळख होती. संभाव्यतेशी उभा दावा.

रजा काढून डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यावर अभ्यासाला बसले. फासा टाकला तर काय पडेल, यावर मी पानंच्या पानं खरडत होते. आई म्हणाली, "टाकून बघ ना गो. पडल ता दिसल." असल्या घरात अभ्यास करायचा म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घ्यायचं!

परीक्षेचा नियम कडक होता. कॅमेऱ्यात माझ्याशिवाय कुणी दिसता कामा नये. म्हणून भर दिवसा दार लावून घेतलं आणि तिथेच माती खाल्ली. आमच्या पाड्यावर दिवसा दार लागतं ते घरात भांडण पेटलं किंवा कुणी फार आजारी असलं तरच. आई शेतावर गेलेली, म्हणजे भांडण नाही. मग मीच आजारी. शेजारच्या काकीने हे ताडलं, मागच्या दाराने आत आली आणि थेट माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप आलाय का गो?"

नवी माहिती मिळाली की अंदाज बदलायचा, हे मी आठवडाभर घोकत होते. काकीची पद्धत बरोबर, उत्तर साफ चूक. स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि परीक्षा रद्द झाली. मी काकीवर एवढी ओरडले की पडवीतल्या कोंबड्या पळाल्या. मग ढसाढसा रडले.

संस्थेला खरं काय ते कळवलं. त्यांनी एक शेवटची संधी दिली. एका प्राध्यापकांसमोर व्हिडिओवर तोंडी परीक्षा. यात नापास झाले तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

त्या दिवशी मॅट्रिक्स कसंबसं निभावलं, मग सरांनी नेमकं संभाव्यतेवर बोट ठेवलं. मी अडखळत, घाम पुसत सोडवत होते. मध्येच ते म्हणाले, "तुमचा माइक बंद पडतोय का? तुम्ही थांबलात की काहीच ऐकू येत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात अर्धा पाडा तोंड मिटून बसला होता. काकीने कोंबडा काखेत दाबून त्याची चोच मुठीत धरली होती. हसू आवरता आवरता माझी भीती कुठे गेली, कळलंच नाही. उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं. सर म्हणाले, "मॅट्रिक्स जरा पक्कं करा. आणि या. जागा तुमची."

मी बाहेर आले. कुणी काही विचारेना. काकीने आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग अगदी हळू म्हणाली, "आता बोलू का गो?"

मी मान डोलावली. आणि बातमी सांगायच्या आधी तिच्या मुठीतून कोंबड्याची चोच सोडवली.