हेडशॉटसाठी राखलेले केस

ऑफिसचा मेल आला तेव्हा मी तो मनात वाचला आणि मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. कंपनीच्या नव्या वेबसाइटवर विभागप्रमुखांचे फोटो लागणार होते आणि मी नुकताच विभागप्रमुख झालो होतो. न्हावा शेव्याच्या बंदरातल्या कंटेनरांची कागदपत्रं निस्तरण्यात उमेदीची वर्षं गेली, आता कुठे माझं तोंड कुणाला तरी बघावंसं वाटलं होतं. पनवेलच्या एका स्टुडिओत ‘हेडशॉट’ काढायचे होते. खाली सूचना होत्या. शर्ट साधा, चौकडीचा नको. कोट गडद निळा. केसांना तेल नको. कटिंग तीन-चार दिवस आधी करावी, आदल्या दिवशी नको.

“लग्नात एवढी तयारी केली नव्हतीत,” बायको म्हणाली. खरंच नव्हती. खारघरच्या आमच्या फ्लॅटमधल्या आरशापुढे मी रोज सकाळी उभा राहायला लागलो. हसलो की इन्शुरन्स विकणारा दिसायचो, नाही हसलो की वसुलीला आलेला. केस मात्र झकास होते. पन्नाशीला टेकलो तरी डोकं भरलेलं आहे, आणि त्याचा मला माज आहे, हे इथेच सांगून टाकतो.

अशात एका सकाळी गावाहून, नेऱ्याहून, धाकट्या भावाचा फोन आला. काका गेले.

हे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. मी सहावीत असताना वडील गेले, आणि पुढे काही वर्षांत आईही. काका-काकींना मूल नव्हतं. आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलं, आणि पोटच्या पोरांना कुणी वाढवणार नाही असं वाढवलं. काकांना अग्नी कुणी द्यायचा हे ठरवायचा प्रश्नच नव्हता. थोरला मी. काकी कितीदा तरी मला म्हणाली होती, “तुज्या हातनं व्हावं, एवढंच हाय त्यांच्या मनात.”

खारघरहून नेऱ्याला जाताना मी गाडीत रडलो. खोटं नाही, अगदी हुंदके देऊन रडलो. आणि रडता रडताच डोक्यात आलं की अग्नी देणाऱ्याला दहाव्याला डोकं आणि मिशी दोन्ही उतरवावी लागतात, आणि दहाव्यानंतर चारच दिवसांनी माझा फोटो आहे. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि डोक्यात तारखा जुळवणं चाललंय. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

गावात पोचलो, काकांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि थोड्या वेळाने भावाला घरामागे घेऊन गेलो.

“माझा ऑफिसचा फोटो आहे रे,” मी म्हणालो. “तारीख बदलत नाहीत.”

हे खोटं होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. एका ओळीचा मेल पुरला असता. पण विचारलं असतं आणि ते ‘चालेल’ म्हणाले असते, तर मग मला पळायला वाट उरली नसती.

“कसला फोटो? पासपोर्टचा?”

“तसाच. फक्त हसून काढायचा.”

माझा भाऊ बांधकामाच्या मालाचा धंदा करतो. अख्ख्या गावाशी त्याचं वाजतं. विटांच्या गाडीवरून सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरणारा माणूस. माझ्याशी मात्र आजवर कधी भांडला नाही. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “बरं. मी देतो आग,” तो म्हणाला. “काकीला काय सांगायचं ते मी बगतो.”

त्याने काकीला सांगितलं की दादाला बीपी आहे, चितेपुढे चक्कर येईल. काकीने ते खरं मानलं. त्या दिवसापासून तिने माझी भाजी वेगळी काढायला सुरुवात केली, बिनमिठाची. स्वतः दोन घास धड खात नव्हती, पण मी पानावर बसलो की विचारायची, “आता बरं वाटतंय ना? गरगरत नाय ना?” मी ती अळणी भाजी खाली मुंडी घालून गिळायचो. वाटायचं, सांगून टाकावं. नाही सांगितलं.

दहाव्याला आम्ही सगळे गाढी नदीवर गेलो. भावकीतले पुरुष ओळीने बसले. सुतकात कुणी दाढीला वस्तरा लावलेला नव्हता. न्हाव्याने आधी भावाला घेतलं. त्याचे दाट कुरळे केस ओल्या दगडांवर पडले, मग मिशी गेली, आणि एकदम तो शाळेतल्यासारखा लहान दिसायला लागला. त्याच्यानंतर माझी पाळी आली.

“चकोट ना?” न्हाव्याने वस्तरा धरत विचारलं.

“नको. दाढी करा फक्त,” मी म्हणालो. आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, “बाजूने जरा कमी करा. मिशी राहू द्या, कडा तेवढ्या सारख्या करा.”

त्याने वस्तरा ठेवला आणि कात्री घेतली. फोटोच्या चार दिवस आधीची कटिंग. ऑफिसच्या मेलमधली सूचना मी काकांच्या दहाव्याला पाळली. शेजारी बसलेल्या चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

याच नदीवर वडिलांच्या दहाव्याला माझं डोकं केलं होतं. थोरल्याने धाकट्या भावासाठी केस काढायचे नसतात, तशी आमच्यात रीतच नाही. म्हाताऱ्यांनी काकांना अडवलंही. काका म्हणाले, पोराला शाळेत एकट्याला टकल्या म्हणतील. आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी स्वतःचं डोकं पुढे केलं. पुढे महिनाभर ते मला शाळेच्या दारापर्यंत सोडायला यायचे, टोपी न घालता. हे सगळं मला कात्रीचा आवाज कानाशी चालू असताना आठवलं. तेव्हाही मी उठून ‘थांबा, सगळे काढा’ म्हणू शकलो असतो.

पिंड ठेवले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. आता कावळा शिवणार नाही, सगळे माझ्याकडे बघणार, अशी माझी खात्रीच होती. पण आम्ही मागे सरतोय तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. माझ्यासाठी अडून बसावं असं काकांचं काही राहिलेलंच नव्हतं. मला रडू आलं ते त्याचं.

तेरावं झालं. मुलांची परीक्षा म्हणून बायको गाडी घेऊन आधीच खारघरला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, “चल, मी सोडतो तुला फोटोला.” मी निळा कोट घातला. काकी दारापर्यंत आली, माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली, “बरा दिसतोस. त्यांनी बगायला पायजे होतं.” तिला तोंड दाखवण्याची माझी लायकी नव्हती, तरी मी वाकून नमस्कार केला.

स्टुडिओत भाऊ भिंतीलगतच्या सोफ्यावर बसला. मला स्टुलावर बसवलं, समोर दोन दिवे. फोटोग्राफर मोठा गोड बोलणारा होता. तो लेन्स लावत असताना फोन आला, आमच्याच ऑफिसातल्या कुणाचा तरी. “तारीख बदलायचीय? बदला की सर,” तो हसत म्हणाला. “तुमच्या कंपनीचं काम महिनाभर चालणार आहे, कधीही या.”

भावाने ऐकलं. मला दिव्यांमुळे त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसतं गुळगुळीत डोकं दिसत होतं. तो हलला नाही.

फोन ठेवून फोटोग्राफर त्याच्याकडे वळला. “घरात कुणी गेलं का हो?”

“हां. बाप गेला,” भाऊ म्हणाला.

“अरेरे. आणि तुम्ही सरांचे कोण?”

भावाने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग फोटोग्राफरकडे. सख्खा भाऊ म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न काय आला असता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“डायवर,” तो म्हणाला. “साहेबांना घेऊन आलोय.”

मी तोंड उघडलं. भाऊ आहे तो माझा, एवढंच सांगायचं होतं.

“सर, हनुवटी थोडी खाली,” कॅमेऱ्यामागून आवाज आला. “आणि ओठ मिटा.”

मी मिटले.