बीपीचा कोणता आकडा लिहू?

देवासच्या बायकांनो, जरा सांगा.

बाळाचा विचार चाललाय म्हणून आज डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आधी बीपीच बघितलं. म्हणाल्या, "थोड़ा ज्यादा है. अभी रुको, हफ्ताभर घर पे नापो. बढ़ा रहा तो बाद में माँ-बच्चा दोनों को तकलीफ हो सकती है."

घरी येऊन मामंजींच्या मशीनवर नापलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "मग, खुशखबर कधी?" आकडा आला एकशे सेहेचाळीस.

त्या पूजेला उठून गेल्या. दहा मिनिटांनी परत नापलं, तर एकशे बावीस.

मशीन तेच, हात तोच. मॅडमच्या कागदावर कोणता आकडा लिहू? कमीवाला लिहिला असता, पण नऊ महिने सासूबाई याच घरात असणार आहेत ना.